धुराच्या पाइपातलं बेलाचं पान

अप्पा गेल्यापासून आमचा ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडात उभा होता. चावी मारली तर इंजिन जागचं हलंना. थोरला भाऊ शिवकुमारअण्णा म्हणाला, “सोमवारी भंगारवाल्याला बोलावलंय. तवर पिस्टन सुटले तर ठीव, न्हाई तर देऊन टाकू.” आमची आई, अव्वा, नुसती बॉनेटवरून हात फिरवत राहिली. मला लई राग आला. मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकले ते काय मिरवायला? उदगीरहून माहेरी आलेच होते, धुराचा पाइप काढला, इंजिनाचं वरचं झाकण, हेड, खोललं.

तिनातले दोन सिलिंडर साफ, तिसरा गंजून लाल! पिस्टन तिथंच चिकटलेला. डिझेल अन् ब्रेक ऑइल भरून मुरत ठेवलं, लाकडाचा ठोकळा धरून हातोडी मारत राहिले. पर डोक्यात एकच किडा. पाणी आलं कुठून? पत्र्याला एक भोक न्हाई. सायलेन्सर सडल्यावर अप्पांनी नुसता सरळ पाइप उभा केला होता, थेट इंजिनात उतरणारा. तो झटकला तर आतून वाळलेलं बेलाचं पान पडलं.

“उंदरानं नेलं असंल,” अण्णा म्हणाला.

“हाव, उंदीर बेल वाहतो महादेवाला! काहीबी बोलतो.”

सोमवारी सकाळी अव्वा न्हाऊन, विभूती लावून शेडात आली. हातात तांब्या, तांब्यात बेल. इंजिनाभोवती फिरली, खाली-वर बघितलं.

“वर्षे, पाइप कुठं गेला गं? पाणी कुठं घालू?”

माझी हातोडी हवेतच राहिली.

“दर सोमवारी घालते की. पिंडीवर घालून उरलेलं, तुझ्या अप्पाच्या नावानं. सगळं आत जातं, थेंब सांडत न्हाई बघ.”

जीव लावून लावून हिनंच जाम केला होता ट्रॅक्टर! राग ठोकळ्यावर काढला, दणकून एक घाव घातला. अन् पिस्टन सरकला. केसभर, मग बोटभर.

“अगं बया, सुटलं!” अव्वानं डोळ्याला पदर लावला. “कशानं जाम झालं हुतं गं?”

भंगारवाल्याची वाट बघत दारात उभ्या अण्णानं माझ्याकडं बघितलं. त्यालाबी सगळं कळलं होतं. तो तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, “उंदरानं, अव्वा. पान आत नेलं मेल्यानं. आता पाइपवर डबा उपडा घालणार हाय मी. तू पाणी चाकावर घालत जा.”

“मुडदा बशिवला त्याचा,” म्हणत अव्वानं पुढच्या चाकावर धार धरली.

“मी म्हणलोच हुतो, उंदीर हाय,” अण्णा म्हणाला, अन् भंगारवाल्याला नको म्हणायला फोन घेऊन बाहेर गेला.

जन्मात पहिल्यांदा मी त्याला उलटून बोलले न्हाई.