घंगाळातला फेस

रिठ्याचं पाणी गुणी खरं, पण स्वतःहून काही करत नाही. टरफलं कोमट पाण्यात भिजत घातली की ती रात्रभर फुगतात, पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि तसंच गप्प बसून राहतं. फेस हवा असेल तर हात घालून चोळावं, घुसळावं लागतं. आणि काढलेला फेसही फार वेळ वाट बघत नाही, तुम्ही जरा कुठे पाठ फिरवली की बसलाच खाली. म्हणून त्या सकाळी मागच्या पडवीचं दार उघडल्यावर तांब्याच्या मोठ्या घंगाळात काठोकाठ पांढरा फेस दिसला, तेव्हा सूनबाई उंबऱ्यातच थबकली. घरात तिच्याआधी कोणी उठलेलं नव्हतं.

सूनबाई म्हणजे त्या गल्लीतल्या लॉन्ड्रीची आताची मालकीण. सासू जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी गिऱ्हाइकं तिला सूनबाईच म्हणायची, म्हातारीचा दबदबाच तसा होता. म्हातारी पावडरीला हात लावायची नाही. ‘पावडर कपडा धूत नाही, सोलते,’ म्हणायची. सुती कपड्याला रिठा, लोकरीला आणि रेशमाला शिकेकाई, तेलकट डागाला चाळलेली राख, असा तिचा कारभार. पावडरीने ज्यांच्या अंगाला खाज सुटायची ती माणसं आणि तान्ह्या मुलांच्या आया लांबून लांबून यायच्या. तान्ह्यांच्या कपड्यांना तर ती दुसऱ्या कोणाला शिवू द्यायची नाही. पहाटे पदर खोचून घंगाळापुढे बसायची आणि कोपरापर्यंत हात बुडवून पाणी घुसळायची. हात दुखतात म्हणून सूनबाईने एकदा तिला लाकडाची मोठी रवी आणून दिली, तर तिने ती दाराला अडसर म्हणून लावली.

आता माणूस घाबरला की आधी शहाणपणाचं कारण शोधतो. रिठा आंबला असणार, सूनबाई स्वतःशी म्हणाली. पण आंबलेल्या रिठ्याचा फेस मोठमोठ्या बुडबुड्यांचा आणि कळकट असतो, आणि त्याच्या वासाने नाक मुरडावं लागतं. हा फेस बारीक होता, दाट होता, आणि वास होता तो ताज्या रिठ्याचा. तरी तिने सगळं पाणी ओतून दिलं, घंगाळ राखेने घासून लख्ख केलं आणि संध्याकाळी नेहमीसारखे नवे रिठे भिजत घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी फेस पुन्हा हजर.

नवरा पुढच्या खोलीत इस्त्री करत होता. धुलाई तिची आणि इस्त्री त्याची, अशी त्यांची वाटणी लग्नापासूनची.

“अहो, पहाटे घंगाळात हात घातला होतात का?”

“मी? मला काय खूळ लागलंय? माझी झोप म्हणजे ढोल वाजवा कानाशी.”

“मग फेस कुणी काढला?”

“उंदराने,” तो हसून म्हणाला. पण इस्त्री एका कॉलरवर जरा जास्तच थांबली, आणि करपल्याचा वास आला तेव्हा त्याने ती दचकून उचलली. “हे बघ, चार दिवस कळ काढ. यंत्र आलं की घंगाळही जाईल आणि फेसही.”

यंत्राचं ठरलेलं होतं. यंत्रवाला जुनं तांबं म्हणून घंगाळ घेऊन जाणार आणि त्या बदल्यात कपडे धुण्याचं मोठं यंत्र सवलतीत बसवून देणार. जवळच्या खानावळीचे टेबलक्लॉथ, पडदे, नॅपकिन असं रोजचं काम मिळणार होतं, आणि तिथे रिठे फोडत बसायला कोणाला वेळ होता! सूनबाईनेच या गोष्टीला आधी मान डोलावली होती. रिठ्याच्या वासाने तिला हल्ली गुदमरायला व्हायचं. त्याला कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव त्या घरात कोणी काढत नसे.

तिला मूल व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. जन्माआधी बाळाचं काही शिवू नये म्हणतात, पण दिवस भरत आले तशी सासूने आपल्या जुन्या मऊ साड्या फाडल्या, त्यांची त्रिकोणी लंगोटं शिवली, आणि रोज रिठ्याच्या पाण्यातून काढून वाळवायला लागली. कापड मेणासारखं मऊ होईपर्यंत तिचं समाधान होत नव्हतं. मुलगी झाली. रडलीच नाही. दवाखान्यातून रिकाम्या हाताने परत आल्यावर सूनबाईला पहिल्यांदा काय दिसलं, तर कपाटावर घडी घालून ठेवलेला तो लंगोटांचा गठ्ठा. तिच्या तोंडून निघून गेलं, “तुमच्याच घाईने गेलं माझं बाळ.” सासू गठ्ठा उचलून आपल्या खोलीत घेऊन गेली. पुढे ती आजारी पडली, सूनबाईने तिचं सगळं केलं, पथ्यपाणी, अंग पुसणं, औषधं, काहीही कमी पडू दिलं नाही. पण ते शब्द मात्र मागे घेतले नाहीत. रोज उद्यावर ढकललं आणि एक दिवस ऐकायला म्हातारीच राहिली नाही.

तिसऱ्या सकाळी सूनबाईला फेसापेक्षा वाईट काहीतरी दिसलं.

पडवीत कपडे वाळत घालायची दोरी होती. आदल्या संध्याकाळी तिने ती रिकामी केली होती, आणि आताही ती रिकामीच होती. पण खालची फरशी ओली होती. सगळी नव्हे, ठिपके होते फक्त. आयुष्य कपडे वाळत घालण्यात गेलेल्या बाईला फरशीवरचं पाणी वाचता येतं. चादर निथळते ती लांब पट्टा सोडते. सदरा दोन्ही बाह्यांतून गळतो. साडी तर सगळी फरशीच धुऊन काढते. आणि इथे एकापुढे एक, वितीवितीवर, एकेकच टपोरा ठिपका होता. ज्या कपड्याचं पाणी खालच्या एकाच टोकाशी जमून गळतं, असा एकच कपडा तिला माहीत होता. त्रिकोणी लंगोट.

ती भिंतीला टेकून खाली बसली. सासू गेल्यावर तिची खोली सूनबाईने स्वतः आवरली होती. लंगोटांचा गठ्ठा तिथे नव्हता. म्हातारीने रागाने जाळला असेल, असं ती तेव्हा धरून चालली होती, आणि खरं सांगायचं तर तिला तेव्हा बरंच वाटलं होतं.

त्या संध्याकाळी तिने रिठे भिजत घातलेच नाहीत. घंगाळात नुसतं पाणी भरून ठेवलं. बघू काय होतं ते, असा तिचा हट्ट. भीती फार वाढली की तिचा असा हट्ट होतो, माहेरीही तिला यासाठी बोलणी बसायची.

सकाळी फेस नव्हता. घंगाळातलं पाणी स्वच्छ, नितळ. तिला हायसं वाटलं, ते फरशीकडे नजर जाईपर्यंतच. ठिपके होतेच. फक्त आज त्यांच्या कडा पिवळट होत्या. तिने वाकून बोटाने एक ठिपका पुसला, बोट नाकाशी नेलं. आंबटसर, दुधाळ वास. तान्ह्या मुलाचे कपडे नीट धुतले गेले नाहीत की येतो तो.

कोणीतरी नुसत्या पाण्यात कपडे धुऊन काढले होते, कारण तिने रिठे घातले नव्हते. सूनबाईला भीती वाटली असं म्हणणं खोटं ठरेल. तिला शरम वाटली, जशी घरी आलेल्या माणसाला उपाशी पाठवल्यावर वाटते.

आणि नेमक्या त्याच वेळी यंत्रवाला हातगाडी घेऊन दारात उभा राहिला. “चला सूनबाई, काढा तुमचा तांब्याचा खजिना! यंत्र संध्याकाळपर्यंत येतंय.” माणूस आनंदी होता, बोलका होता, त्याचा काही दोष नव्हता. तो थेट पडवीत आला आणि त्याने घंगाळाची कडी धरली.

“हात काढा,” सूनबाई म्हणाली.

“अहो, ठरलंय ना आपलं?”

“हात काढा म्हणते ना!”

आवाज ऐकून नवरा पुढच्या खोलीतून धावत आला. “अगं, काय चाललंय? मी शब्द दिलाय त्यांना.”

तिने नवऱ्याचा हात धरून त्याला दोरीखाली नेलं आणि ठिपके दाखवले. “हे बघा. चादर अशी गळते? सदरा असा गळतो? तुम्ही धोब्याच्या घरात जन्मलात, तुम्हीच सांगा हे कशाचं पाणी आहे.”

तो बघत राहिला. मग तो घंगाळाच्या कडेला बसला. यंत्रवाल्याकडे न बघता म्हणाला, “तुम्ही जा. घंगाळ द्यायचं नाही. यंत्रही नको.” यंत्रवाल्याने एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं, या घराच्या डोक्यावर परिणाम झालाय असं ठरवलं, आणि हातगाडी ढकलत चालता झाला.

“आई कुठे गेली ते मला माहीत आहे,” नवरा म्हणाला. “म्हणजे, कशाला गेली ते.”

सूनबाई त्याच्यासमोर येऊन बसली.

“आजारात एकदा तू बाहेर गेली होतीस. तिने मला जवळ बोलावलं. उशीखालून तो लंगोटांचा गठ्ठा काढला. म्हणाली, मी गेले की हा माझ्याबरोबर ठेव, माझ्या पदरात बांध. सुनेला कळू देऊ नकोस, तिला सगळं परत डोळ्यांपुढे येईल. म्हणाली, पोर उघडीच गेलीय. दवाखान्याच्या फडक्यात गुंडाळलं होतं तिला, आणि त्या फडक्याला पावडरीचा उग्र वास होता. कोवळं अंग तिचं, खाज सुटली असेल. कोणीतरी जायला हवं.”

सूनबाई रडायला लागली. वर्षभर साठलेलं रडणं होतं ते, त्याला ना सूर होता ना लाज. “मी त्यांना काय बोलले होते हो,” ती म्हणाली. “तुमच्याच घाईने गेलं, असं म्हणाले. त्यांनी मनाला लावून घेतलं असेल.”

“घेतलं,” नवरा म्हणाला. बायकोला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं. “खूप लावून घेतलं. पण आईचं तुला माहीत आहे. ती रडत बसणाऱ्यातली नव्हती, कामाला लागणाऱ्यातली होती.”

दिवस मावळायच्या आत सूनबाईने रिठे फोडले, बिया काढून टाकल्या, पाणी नेहमीपेक्षा जरा जास्त कोमट केलं आणि टरफलं त्यात सोडली. म्हातारीचे हात आता गारठत असतील, असं तिला वाटलं. मग ती आत जाऊन आपली सगळ्यात मऊ साडी घेऊन आली, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली, धुऊन धुऊन रंग उडालेली. कात्री घेऊन पडवीतच बसली.

“लंगोटं करतेस?” नवऱ्याने विचारलं.

“लंगोटं कशाला?” ती डोळे पुसत म्हणाली. “इतके दिवस उलटले. ती काय अजून तान्ही असेल? रांगून झालं असेल तिचं. आता चालत असेल, आजीच्या मागे मागे करत असेल. फ्रॉक लागेल तिला.”

तिने साडी पसरली, कात्री उघडली आणि हात थांबला. तिने मुलीला एकदाच पाहिलं होतं, तेही नर्सने फडकं जरासं बाजूला केलं तेवढंच, कपाळ आणि एक गाल. तिला उराशी धरून शेवटचं नेलं होतं ते नवऱ्याने. सूनबाईने त्याच्याकडे पाहिलं. “माप कुठून आणू?”

नवरा उठून उभा राहिला. त्याने हात पुढे करून गुडघ्याशी धरला, तळवा खाली, एखाद्या मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. जरा विचार केला, आणि हात थोडा वर नेला.

“एवढी,” तो म्हणाला. “एवढी झाली असेल.”

सूनबाईने टेप उलगडला. एक टोक फरशीवर धरलं आणि दुसरं त्याच्या तळव्याला नेऊन लावलं.