कर्ण्याने न सांगितलेला पत्ता

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. सरकारी कचेरीच्या मोठ्या खोलीत, लोकांच्या डोक्यावर, भिंतीवर माझे घर. एका कारागिराने पत्रा वळवून मला फुलासारखे तोंड दिले आणि आत एक पातळ पडदा बसवला. पलीकडे माईकमध्ये कुणी कुजबुजले तरी तो थरथरतो आणि मी गरजतो. माझे स्वतःचे असे एकही वाक्य नाही.

आधीच्या साहेबांच्या काळात मी फक्त क्रमांक पुकारायचो. माणूस उठायचा, खिडकीशी जायचा, आणि त्याचे काय असेल ते काचेआडच्या कारकुनालाच कळायचे. आवाज कसा खणखणीत आहे, असे म्हाताऱ्या बायका म्हणायच्या. मी पत्र्याचा, तरी अंगावर मूठभर मांस चढायचे.

मग नवे साहेब आले. त्यांना कामाचा भारी उरक. एकेकाला खिडकीशी बोलावून विचारण्यात वेळ जातो, म्हणून त्यांनी फर्मान काढले. कारकुनाने नाव, पत्ता, फोन, कामाचे कारण, सगळे माईकवर वाचायचे. ज्याचे असेल त्याने बाकावरूनच 'बरोबर' म्हणायचे. झाले! कुणाचा काडीमोड, कुणाचे ऑपरेशन, सारे माझ्या तोंडून खोलीभर. एक गृहस्थ तर काही काम नसताना कोपऱ्यात बसून फोन नंबर टिपू लागला. त्यानंतर एका आजोबांना भलत्यासलत्या माणसांचे फोन सुरू झाले. ते तक्रार घेऊन आले, तर साहेब म्हणाले, "तुम्ही काय चोरी केलीय का आजोबा, लपवायला?" आजोबा मान खाली घालून परत गेले. मला, पत्र्याला, घाम फुटला.

अशातच शिवणकाम करणारी एक बाई आली. सोबत तिची मावशी, आणि मावशीच्या खांद्यावर झोपलेली या बाईची लेक. मारझोड करणाऱ्या नवऱ्याचे घर सोडून ती लांबच्या वस्तीत राहायला गेली होती. मुलीला शाळेत घालायचे, तर नवा पत्ता नोंदवणे भाग होते. माझ्याच खालच्या बाकावर बसून ती हे मावशीशी हळू बोलत होती. बोलता बोलता थांबली. समोरच्या बाकावर तिचा दीर येऊन बसला होता. त्याने तिला पाहिले, हसला, आणि पाय पसरून निवांत टेकला. त्याला कसली घाई? पत्ता त्याला मीच सांगणार होतो.

ती खिडकीशी गेली. वाचू नका, मी लिहून देते, अशी तिने विनवणी केली. कारकून मनाने वाईट नव्हता. पण साहेब मला फाडून खातील, म्हणाला, आणि तिला जागेवर धाडले.

मी तिचे नाव पुकारले. "पत्ता..." एवढे माझ्या तोंडून गेले, आणि ती बाकावर चढली. सुईत दोरा ओवणारी ती बोटे माझ्या पाठीशी आली आणि त्यांनी माझी तार हिसकून काढली. काचेआड कारकुनाचे ओठ हलत राहिले. मी मात्र चकार शब्द काढला नाही. मित्रांनो, गरजण्यासाठीच मी जन्मलो. पण त्या गप्प बसण्याएवढे मोठे काम माझ्या हातून कधी झाले नव्हते.

साहेब तणतणत बाहेर आले. सरकारी वस्तू, भरपाई, पोलीस, बरेच काही बोलले. ती बाकावरून उतरली नाही. तिथूनच म्हणाली,

"तारेची भरपाई देते साहेब. पण पत्ता आम्ही तुमच्याकडे विश्वासाने ठेवायला देतो. तुम्ही तो चव्हाट्यावर मांडताय. माझ्या जिवाचं काही झालं तर त्याची भरपाई कोण देणार?"

मावशीने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतले. "साहेब, आधी तुमच्या घराचा पत्ता सांगा बघू. आणि लेकीबाळी घरात एकट्या कधी असतात, तेही. मोठ्यानं सांगा, मागच्यांना ऐकू येत नाही."

खोलीत हशा पिकला. साहेब पाय आपटत आत निघून गेले. कारकुनाने काचेखालून कोरा कागद सरकवला. तिने पत्ता लिहिला, त्याने नोंदवला, आणि कागद फाडून तुकडे तिच्याच हातात दिले.

दीर उठला, पण त्याला दाराशी वाट मिळेना. बाकांवरच्या बायका उठल्या होत्या. तिला मधे घेऊन सगळ्या घोळक्याने बाहेर पडल्या. दारातून दिसले तेवढे मी पाहिले: फाटकापाशी घोळका फुटला, कुणी डावीकडे गेली, कुणी उजवीकडे, आणि दीर मधोमध मान वळवत उभा राहिला.

आज माझ्या भिंतीला शिडी लागली आहे. साहेबांनी तार जोडायला माणूस बोलावला आहे. माझ्यासारखे जुने जिन्नस म्हणतात, आम्हाला पुसा, आम्हाला जपा. मी म्हणत नाही. मला खुशाल गंजू द्या, माझ्या तोंडात चिमण्यांनी घरटे केले तरी चालेल. जपायचे ते त्या खिडकीत तुम्ही विश्वासाने ठेवता ते जपा. तार जोडली की मी पुन्हा लाचार; जे घातले जाईल ते बोलेन. तुम्ही लाचार नाही. खिडकीशी उभे राहा आणि विचारा: माझे हे सगळ्यांना कशाला सांगता? उत्तर नाही मिळाले, तर पुन्हा विचारा, आणखी मोठ्याने. त्यासाठी माणसाला कर्णा लागत नाही.