तेहतीस फुटांचं मैदान

मित्रांनो, लटारूच्या घरी पत्र्याच्या पेटीमागे गंजलेलं भेंडोळं दिसतं ना, ती मी. जमीन मोजायची जुनी साखळी. सोळा लांब कड्या, दोन टोकांना पितळी मुठी, ताणून धरलं की बरोबर तेहतीस फूट. चंद्रपुरातल्या एका लोहारानं मला घडवलं आणि गडचिरोलीच्या बाबूभाईंनी विकत आणलं.

गडचिरोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या आल्या, साहेब आले, त्यांना घरं हवी होती. बाबूभाईंची लाकडाची वखार. त्यांनी चामोर्शी रस्त्याला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, घेऊन प्लॉट पाडायला सुरुवात केली. माझं एक टोक लटारूच्या हातात असे, दुसरं भामरागडहून आलेल्या पोचूच्या. हे दोघं दिवसा जमीन मोजत आणि संध्याकाळी बाबूभाईंच्या संघातून कबड्डी खेळत.

त्या संघाचा बाबूभाईंना भारी नाद. वस्तीच्या मधोमध त्यांनी मैदान सोडलं होतं. सामना गावाबाहेर असला की वखारीचा ट्रक निघे आणि पुढच्या बाकावर स्वतः बाबूभाई. पोचू चढाईला गेला की श्वास तेही धरून ठेवत. त्या मैदानात आखायच्या कबड्डीच्या चौकोनाची रुंदी माझ्याएवढीच, म्हणून चुन्याची रेघ मारायला मलाच ताणत. बाबूभाईंची साखळी बोटभरही खोटं बोलत नाही, असं लोक म्हणत. ऐकून मला बरं वाटे.

सत्याऐंशी साली प्लॉट संपले, गिऱ्हाइकं मात्र येतच राहिली. एका सकाळी बाबूभाईंनी मैदानाचे सहा प्लॉट पाडायला सांगितलं. सांगताना त्यांनी लटारूकडे पाहिलं नाही.  पायांनी घोटलेल्या त्या मऊ मातीवर लटारूनं मला पसरलं. पोचू खुंट्या ठोकत गेला, शेवटच्या खुंटीला थोडा थांबला, तेवढंच.

तेवढ्यात समोरच्या घरातल्या वच्छलाबाई आल्या. त्या दवाखान्यात नर्स होत्या.

"भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमी सांगतलं होतं, समोर मैदान रायल. म्हणून घेतला आमी हा प्लॉट."

 चार गिऱ्हाइकांना बाबूभाई शब्द देऊन बसले होते, आणि वच्छलाबाईंनाही शब्दच दिलेला. बराच वेळ ते त्या मातीवर येरझारा घालत राहिले. मग उरलेल्या दोन प्लॉटांच्या खुंट्या त्यांनी स्वतःच्या हातांनी उपटल्या.

"लटारू, एवढ्यात बसते का आपलं मैदान?"

लटारूनं मला आडवं ताणलं, मग उभं.

"बसते, भाऊ. पन पाहनाऱ्याले उभं राहाले जागा नाई."

"मंग आमच्या ओट्यावर बसतीन," वच्छलाबाई म्हणाल्या.

पुढच्या हिवाळ्यात तसंच झालं. चहूबाजूंच्या ओट्यांवर माणसं दाटीवाटीनं बसली. बाबूभाई वच्छलाबाईंच्या पायरीवर होते. सामना जिंकला, सगळे नाचले. ते मात्र नव्या भिंतींकडे पाहत लटारूला म्हणाले, "मोठं होतं ना रे आधी."



पुढे कापडी टेप आला आणि माझं काम सुटलं. भंगारात टाकण्याआधी लटारूनं मला घरी आणलं, मग तोही विसरला. मित्रांनो, कधीतरी तेलाचं बोट फिरवा माझ्यावर, तेवढ्यानं मी मोकळी होईन. आणि तुम्ही कधी नवी वस्ती मोजायला निघालात, तर खेळायची जागा आधी मोजा. घरं उरलेल्या जागेत बसतात.