मेथीचा वास

लंगोट धुवायला टाकण्याआधी तो एकदा नाकाशी नेऊन बघायचा, ही सालोमी सिस्टरची शिकत असतानाची सवय. बाळाला दूध जिरतं आहे की नाही हे डोळ्यांआधी नाकाला कळतं, असं तिची मेट्रन सांगायची. आगाशीच्या लहानशा प्रसूतिगृहात आल्यावरही तिने ती सवय सोडली नव्हती.

मंदाच्या बाळाच्या लंगोटाला मेथीचा वास आला. मेथीचा, आणि त्यामागून गूळ करपल्यासारखा गोडसर. सत्तावन्न सालची थंडी होती आणि मंदाची सासू आनंदीबाई बोळिंजहून रोज टांग्याने येताना मेथीच्या लाडवांचा डबा आणत होती. आई मेथी खाते, तिच्या घामाला वास येतो, दुधातून तो बाळाला लागतो. सालोमीने लंगोट बादलीत टाकला.

आनंदीबाई नुसती सासू नव्हती, मंदाची सख्खी आत्याही होती. वटारच्या भावाची, काशिनाथची ही थोरली मुलगी तिने परकरात असतानाच आपल्या गुरुदत्तसाठी मागून ठेवली होती. लग्न झालं तरी मंदाची ‘आत्या’ ही हाक बदलली नाही. पहिलं मूल घरीच झालं आणि पंधरवड्याच्या आत गेलं. सुईण म्हणाली, धनुर्वात. म्हणून या खेपेला आनंदीबाईच हट्टाने तिला प्रसूतिगृहात घेऊन आली होती.

जन्मला तेव्हा मुलगा चांगला गुटगुटीत होता. पाचवी पुजली त्याच सुमाराला त्याने दूध ओढणं सोडलं. तोंडात दूध पिळलं तरी ते ओठांच्या कडेने बाहेर यायचं. रडणं बारीक, चिरकं झालं. मधेच अंग धनुष्यासारखं ताठायचं आणि लगेच ओल्या फडक्यासारखं ढिलं पडायचं.

डॉक्टरांनी नाळ तपासली, ती स्वच्छ होती. जबडा सहज उघडत होता. ताप नव्हता.

“धनुर्वात नाही हा,” ते म्हणाले. “तुम्हाला आणखी काही दिसलं, सिस्टर?”

“दिसलं नाही. पण लंगोटाला वास येतो. मी मेथीचा म्हणून सोडून दिलं होतं.”

डॉक्टरांनी लंगोट मागवला आणि बराच वेळ नाकाशी धरला. मग सालोमीला व्हरांड्यात बोलावलं.

“दोन-तीन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका मासिकात वाचलं होतं. एकाच घरातली मुलं, लघवीला जळक्या साखरेचा वास, आणि सगळी काही दिवसांतच गेलेली. लाडू बंद करा. वास गेला तर आपण दुसरं काही शोधू.” त्यांनी लंगोट तिच्या हातात परत दिला. “मेथीच असू दे, सिस्टर.”

आनंदीबाईला ते लागलं. “माझ्या लाडवांत काय वाईट आहे? या हातचे खाऊन किती बाळंतिणी उठल्या!”

“लाडू चांगलेच आहेत, आनंदीबाई. बाळाला येतोय तो वास त्यांचाच आहे का, एवढंच बघायचंय.”

“आणि नसला तर?”

सालोमीने डबा उचलला आणि कपाटात ठेवला.

मंदाची चादर, चोळी, बाळाची कुंची, दुपटी, सगळं तिने उकळून घेतलं. बाळाला तीच न्हाऊ घालायची, नळीने दूध तीच द्यायची. लंगोट ओला झाला की तो घेऊन मागच्या अंगणात जायची. आधी मंदाच्या कपड्यांतला वास गेला. मग घामातला गेला. बाळाचा मात्र वाढतच होता. कानामागे नाक नेलं तरी यायचा. देवाकडे तिने आजवर पुष्कळ काही मागितलं होतं. त्या दिवसांत ती एवढंच म्हणायची, हा मेथीचाच असू दे.

मंदा हे सगळं खाटेवरून बघत होती.

“सिस्टर, वास बघताय ना?” एका सकाळी तिने विचारलं. “पहिल्यालाही असाच यायचा.”

सालोमी जागीच थांबली.

“मला फार आवडायचा,” मंदा म्हणाली. “पोराच्या अंगालाच गोड वास. तो गेल्यावर त्याचं दुपटं मी धुतलंच नाही. आत्यानं विचारलं, तर हरवलं म्हणून सांगितलं. उशीखाली ठेवायचे. कितीतरी दिवस यायचा त्याला वास.”

“तेव्हा... तेव्हाही लाडू खात होतीस?”

“नाही हो. भर उन्हाळा होता. आत्या म्हणाली, मेथी उष्ण पडेल.”

सालोमीने खाटेची लोखंडी कड घट्ट धरली. मंदा तिच्याकडे बघत होती, काहीतरी बरं ऐकायला मिळेल अशा चेहऱ्याने. सालोमी तिची चादर नीट करत राहिली. ती आधीच नीट होती.

डॉक्टर बाळाची लघवी बाटलीत घेऊन मुंबईला आपल्या गुरूंकडे गेले. परत आले ते थेट सालोमीपाशी.

“तेच आहे. दुधातले काही अंश त्याच्या शरीराला पचवताच येत नाहीत. ते साठतात आणि मेंदूला चढतात.”

“मग दूध बंद केलं तर?”

“द्यायचं काय? आईचं, गाईचं, बकरीचं, सगळ्यांत तेच. यावर औषध अजून कुणालाच सापडलेलं नाही.”

दुपारी सालोमीने नळी काढली आणि बाळाला मंदाच्या मांडीवर ठेवलं. डॉक्टरांना विचारलं नाही, आणि त्यांनीही हटकलं नाही. मंदा त्याच्या टाळूवरून बोट फिरवत होती. ऊन खिडकीतून सरकून खाटेखाली गेलं तेव्हा तिने मान वर केली.

“सिस्टर, हा गार पडलाय.”

गुरुदत्तने बाळाला दुपट्यात गुंडाळून नेलं. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे त्याला नावही नव्हतं. परत आला तेव्हा त्याच्या पायांना ओली माती होती. दारातूनच त्याने विचारलं, “डॉक्टर, गावात म्हणतात हिच्या दुधातच दोष आहे. खरं आहे का?”

“अजिबात नाही,” डॉक्टर म्हणाले. “आजाराचा एक भाग तुमच्याकडून आला, एक हिच्याकडून. एकेकटा असला तर काही करत नाही, म्हणून तुम्ही दोघं धडधाकट. मुलाच्या वाट्याला दोन्ही आले. नवरा-बायको एकाच रक्ताचे असले की असं होण्याची भीती वाढते.”

आनंदीबाई बाळंतविड्याच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

“एकाच रक्ताचे म्हणजे? माझ्या आणि माझ्या भावाच्या?”

“तुमचा यात दोष नाही, बाई. हे कितीतरी पिढ्या मागून येत असतं.”

“मी आणली तिला,” आनंदीबाई म्हणाली. “परकी पोर जीव लावणार नाही म्हणून. माझी, घरातली म्हणून आणली.”

मग मंदाने विचारलं, “पुढचंही असंच होईल?”

“होईलच असं नाही. चारांत एखादं.”

“माझी तर दोन्ही गेली.”

“ते हिशोबाने येत नाही गं,” सालोमी कशीबशी म्हणाली. मंदाने मान हलवली आणि खाटेवर जरा सरकून जागा केली. “आत्या, इकडे येऊन बस.”

त्यानंतर प्रसूतिगृहात येणाऱ्या प्रत्येक घराला सालोमी सांगू लागली, पहिला आठवडा मेथी नको, घरी गेल्यावर खाऊ घाला. बायका कुरकुरायच्या. ती ऐकून घ्यायची आणि लंगोट घेऊन अंगणात जायची.

काही आठवड्यांनी आनंदीबाई एकटीच आली. तिच्या धाकट्या मुलाचं लग्न मंदाच्या धाकट्या बहिणीशी, सुमनशी ठरलं होतं. दोघांनी एकमेकांना मनापासून पसंत केलं होतं.

“मला मोडायला जायचंय,” ती म्हणाली. “मला डॉक्टरांसारखं सांगता येणार नाही. तुम्ही याल?”

वटारच्या वाडीत काशिनाथ केळीचे घड उतरवत होता. सालोमीने जमेल तितकं समजावून सांगितलं. त्याने कोयता खाली ठेवला.

“माझ्या पोरींत खोट काढायला नर्स घेऊन आलीस?”

“त्यांच्यात नाही रे. आपल्यात आहे. तुझ्यात आणि माझ्यात.”

“आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अशीच लग्नं झाली. तेव्हा कुठे होतं हे?”

“तेव्हाही पोरं जायची, काशिनाथ. आपण कारण विचारलं नाही.”

दाराआड सुमन उभी होती. तिची पावलं तेवढी दिसत होती.

“सुमनला तू नाकारलीस,” काशिनाथ म्हणाला. “आता भाऊबीजेला माझी वाट बघू नकोस.”

आनंदीबाईने दाराकडे बघून हाक मारली, “सुमन, बाळा.” पावलं आत गेली.

टांगा बोळिंजला पोचला. मंदा ओट्यावर वाट बघत उभी होती.

“बाबा काय म्हणाले?”

“म्हणाला, बघू. विचार करतो म्हणाला.”

सालोमी टांग्यातच बसून होती. मंदाला आपला बाप ठाऊक होता. तिने पुढे काही विचारलं नाही. खाली येऊन आत्याच्या हातातली पिशवी घेतली आणि दंडाला धरून तिला एकेक पायरी वर चढवलं.