तिसऱ्या पाकळीची गाठ

माझं आणि सासूबाईंचं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे, हे आधीच सांगून टाकते. नवऱ्याशी बोलताना मी त्यांना ‘तुमची आई’ म्हणते आणि त्या मला ‘तुझी बायको’.

पण गुलाबाच्या गाण्याचा विषय निघाला की मी त्यांच्या बाजूची. ते गाणं कुठे वाजत नाही? ‘एक पाकळी उन्हाची, एक सावलीची, एक पाकळी… माझीच गं.’ रेडिओवर निवेदक म्हणतो, ‘पारंपरिक, कवी अज्ञात’, आणि सासूबाई फणकारतात, “अज्ञात म्हणे! मी इथे भाजी निवडत बसलेय ना!”

लग्नाआधी त्या कापडी फुलांच्या कारखान्यात होत्या. त्यांच्या बाकावरच्या बायकांनी गुलाब बांधता बांधता हे गाणं रचलं. घरात कुणाचाच विश्वास नाही. नवरा तर म्हणायचा, “आई, उद्या म्हणशील, चंद्रही तूच टांगलास.”

एरवी त्या हसण्यावारी न्यायच्या; परवा त्याने पुन्हा तेच म्हटलं तेव्हा मात्र हसल्या नाहीत. “बाकावरच्या सगळ्या गेल्या रे. मी गेले की गाणं खरंच अज्ञात.”

मला ते फार लागलं. फुलांच्या गाण्यांचा कार्यक्रम होता, गायिका प्रत्येक गाण्याचं मूळही सांगणार होती. कुणाला न विचारता मी तीन तिकिटं काढली.

गुलाबाच्या गाण्यापाशी गायिका थांबली. “याचं मूळ काही सापडलं नाही. आणि एक कोडं आहे. तिसऱ्या ओळीत गाणं मध्येच थांबतं. जुने गायकही तिथे थांबायचे. कुणी म्हणतं, तो विरह आहे.”

“कसला डोंबलाचा विरह! तोंडात दोरा असायचा!”

सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. सभागृहात हशा पिकला. नवरा त्यांचा पदर ओढायला लागला, “आई, बस ना खाली!” मी त्याच्या हातावर फटका मारला. “बोला हो तुम्ही,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

गायिका हसली नाही. तिने त्यांना वर बोलावलं. मी पर्समधला सुईदोरा आणि माझा चांगला रुमाल त्यांच्या हातात कोंबला.

मंचावर त्यांनी रुमालाच्या पट्ट्या फाडल्या आणि गायला लागल्या. आवाज पार चिरका, पण बोटं अशी चालली की बघत राहावं. उन्हाची पाकळी वळली, सावलीची वळली. तिसरी लावली आणि दोऱ्याचं टोक दातात धरून गाठ आवळली. गाणं थांबलं. सगळं सभागृह त्या गाठीकडे बघत होतं. मग दोरा सोडून त्या गायल्या, “माझीच गं.”

टाळ्या थांबेनात. गायिकेने नाव विचारलं.

“माझ्या एकटीचं नको. फुलांच्या कारखान्यातल्या आमच्या बाकाचं गाणं म्हणा.”

गायिकेने माईक हातात घेऊन अगदी तसंच सांगितलं. सासूबाई ताठ मानेने उभ्या होत्या, हातात माझ्या रुमालाचा गुलाब.

शेजारच्या बाईंनी वाकून विचारलं, “कोण हो या?”

नवऱ्याने तोंड उघडलं होतं, पण मी त्याला बोलूच दिलं नाही.

“आमच्या आई,” मी म्हणाले.