हलक्या पाण्याची कादंबरी

मी कादंबरी बोलतेय. माझं मुखपृष्ठ फाटलंय, म्हणून नाव मलाच सांगावं लागतं: 'हलकं पाणी'. जन्म कोरियातल्या बुसान शहराचा, यंगदो बेटावरचा. जिथं मला लिहिलं, त्या टपरीवर माशाच्या वड्या मिळायच्या, काडीला टोचलेल्या, गरम रश्शात बुडवलेल्या. माझ्या हस्तलिखिताच्या प्रत्येक पानाला तो वास होता.

टपरी ओक बुनहीची. बाई पन्नाशी उलटलेली. दुपारी गिऱ्हाईक पांगलं की ती वही काढायची. लेखिका वगैरे तिला व्हायचं नव्हतं. तिचा धाकटा भाऊ चांगसिक जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होता. शिडीवरून पडला आणि पाठीतून गेला. दुखणं थांबवायच्या गोळ्या सुरू झाल्या. दुखणं थांबलं नाही, गोळ्या मात्र सुटेनात. डॉक्टरांनी हात आखडला तेव्हा तो बाहेरून काहीबाही आणायला लागला. बुनही रागावली, रडली, त्याच्या पाया पडली. तो मान हलवायचा आणि पुन्हा तेच करायचा.

लहानपणापासून तो एकाच गोष्टीपुढे गप्प बसायचा: यंत्रमानव, अवकाशयानं, उद्याची शहरं असल्या कथा. बुनहीनं ठरवलं, आता याला सांगायचं ते गोष्टीतूनच सांगू. अशी मी झाले.

माझ्यातलं बुसान पन्नास वर्षांनंतरचं आहे. तिथं गल्लीबोळांत 'हलकं पाणी' नावाचं एक औषध चोरून विकलं जातं. डोळ्यांत घालायच्या औषधाएवढी बाटली. एक थेंब जिभेवर ठेवला की दुःख जातं, अंगाचं आणि मनाचंही. ते कोण बनवतं, कुणालाच ठाऊक नसतं. अर्धं पुस्तक संपल्यावर उलगडतं, की दुःख नाहीसं होतच नाही. घेणाऱ्यावर ज्याचा सर्वांत जास्त जीव असतो, त्याच्या अंगात ते जाऊन बसतं. नायिका हसत गावभर हिंडते आणि घरी तिची आई जमिनीवर तळमळत असते.

टपरीवर रोज खायला येणारे हामसाहेब छोटेसे प्रकाशक होते. वही वाचून ते म्हणाले, "बुनहीताई, वड्या सोडा, हेच विका." त्यांनी मला छापलं. पहिली प्रत, म्हणजे मी, चांगसिककडे गेले. टपरीच्या मागं, डोंगरावरच्या पायऱ्या चढून गेलं की त्याची खोली होती.

चार दिवसांनी तो मला काखेत घेऊन खाली आला. कित्येक महिन्यांनी त्यानं दाढी केली होती.

"ताई, पहिल्या थेंबाचं ते प्रकरण वाचलं ना, दहा मिनिटं पाठ दुखलीच नाही बघ."

बुनहीच्या हातातला डाव थांबला. "आणि पुढचं?"

"वाचेन गं. तू खरंच घेतलंयस का असलं काही? त्याशिवाय असं लिहिता येत नाही."

"वेडा आहेस का!" ती हसली. मग हळूच म्हणाली, "पण कितीदा वाटलं, कुणी दिलं तर घ्यावं."

खरं तेच होतं. सुखाची पानं तिनं तहानलेल्या माणसासारखी लिहिली होती. भयाची पानं लिहिली ती शिकवण म्हणून. तो फरक मला तेव्हाच जाणवत होता, पण पुस्तकाला आपली पानं मागंपुढं करता येत नाहीत.

मी खपले. हामसाहेबांनी दुसऱ्यांदा छापलं, तिसऱ्यांदा छापलं. कॉलेजची मुलं माझ्यातली वाक्यं भिंतींवर लिहू लागली. आणि एके दिवशी बंदराजवळच्या गल्लीत कुणीतरी खऱ्याखुऱ्या बाटल्या विकायला बसलं. आत कसलं रसायन होतं देव जाणे. वर हातानं लिहिलेली चिठ्ठी: हलकं पाणी.

बुनहीला हे कळलं ते एका बाईकडून. भर दुपारी ती टपरीवर आली. काही खायला मागितलं नाही. फळीवर तिनं माझीच एक बहीण, म्हणजे दुसरी प्रत, ठेवली आणि शेजारी रिकामी बाटली.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"माझी लेक सोरा एकोणीस वर्षांची होती."

बुनही म्हणाली, "अहो बाई, ते वाईट असतं, हे सांगायलाच तर मी—"

"कळलं मला. मी शेवटपर्यंत वाचलंय. मला आता वेळच वेळ आहे." बाईंनी पान उघडून दाखवलं. बासष्टाव्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. "ती इथवर आली होती. एवढंच विचारायला आले, की सांगायचं ते इतकं मागं का ठेवलंत?"

 रस्सा उकळता तसाच टाकून बुनही चांगसिकच्या खोलीच्या पायऱ्यांकडे धावली.

चांगसिक भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्या मांडीवर उघडी होते. बाटली चटईवर आडवी पडली होती. बुनहीनं त्याला हलवलं, गालांवर चापट्या मारल्या, "ऊठ रे, तुझी ताई आलीय, ऊठ!" म्हणून हाका मारल्या. शेजाऱ्यांनी त्याला दवाखान्यात नेलं. तिथं तो पाच दिवस होता. सहाव्या दिवशी गेला. चेहरा अगदी शांत होता, एक आठी नाही. तेव्हापासून बुनहीला सरळ उभं राहता येत नाही. डॉक्टर म्हणतात, पाठीत काहीही दोष नाही.

ती हामसाहेबांकडे गेली. "छापणं बंद करा."

"ताई, तुमचं दुःख मला समजतं. पण बंद केली तर लोक चोरून छापतील. आणखी खपेल."

मग तिनं आपल्या परीनं केलं. कंबरेत वाकून दुकानादुकानांतून फिरली, मिळतील तितक्या प्रती गोळा केल्या आणि हातगाडीवरून रद्दीच्या वखारीत आणल्या. सर्वांत वर मी. वखारीतल्या म्हाताऱ्यानं गठ्ठे उतरवताना विचारलं, "कोरी दिसतायत की! चांगली नाहीत काय?"

"एका माणसासाठी लिहिलं होतं, आजोबा."

"मग, आवडलं त्याला?"

"फार आवडलं," ती म्हणाली, आणि हातगाडी तिथंच सोडून निघून गेली.

आता मी जुन्या कॅलेंडरांच्या आणि खोक्यांच्या ढिगात आहे. सोमवारी ट्रक येईल, मग लगदा. मला त्याचं भय नाही. मला इथून वाचवू नका, एवढीच विनंती. माझ्या बहिणी अजून शहरभर आहेत, त्यांना मी परत बोलावू शकत नाही. त्यांतली एखादी घेऊन कुणी एकटंच वाचत बसलेलं दिसलं, तर जाऊन त्याच्या शेजारी बसा. चांगसिकच्या शेजारी त्या दुपारी कुणी नव्हतं. फक्त मी होते, आणि मला हात नाहीत.