दात नसलेली चकती

शनिवारी दुपारी बाबांनी त्यांच्या गॅरेजमधून एक वस्तू आणून लेकीच्या उघड्या पुस्तकावरच ठेवली. वीतभर लाकडी दांडा आणि टोकाला ताटलीएवढी लोखंडी चकती, गरगर फिरणारी.

"माझ्या आजोबांची. ओळख बघू, कशासाठी?"

"नंतर, बाबा." तिने वस्तू बाजूला सारली आणि पान उलटलं.

"हरल्या विदुषी!" म्हणत बाबा चहा टाकायला गेले. रविवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

तीन आठवड्यांनी धाकटा भाऊ गॅरेज रिकामं करायला आला. शुक्रवारी जागामालकाला किल्ली द्यायची होती.

"ताई, हातातलं ते भंगाराच्या पोत्यात टाक."

"आधी कळू दे काय आहे."

"दांड्याला चकती आहे. कळलं?"

"शुक्रवारपर्यंत हे भंगारात जाणार नाही."

भावाने हात जोडले. ताईचं म्हणणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

ती वस्तू घेऊन बाजारात फिरली. शिंपी म्हणाला, कापडावर खुणा करायचं चाक म्हणावं, तर याला दात कुठायत? हार्डवेअरवाल्याने कडेवरून बोट फिरवलं. "सुरी म्हणावी तर धार नाही. बाई, हे रिटायर झालंय." तिने ग्रंथालयातली जाडजूड पुस्तकं पालथी घातली. पालथ्या घड्यावर पाणी.

बुधवारी ती बाबांच्या स्टुलावर बसली आणि वस्तूच न्याहाळू लागली. कडेला धार कधी नव्हतीच, कड घासून गुळगुळीत झाली होती. म्हणजे कापायचं नाही, नुसतं कशावरून तरी फिरवायचं. काठावर एकाच जागी कानशीने पाडलेली खाच होती. फेरा पुरा झाल्याची खूण? तिने खाचेपासून सुरुवात करून ऑइलच्या पिंपाभोवती चकती फिरवली. तीन फेरे आणि वर थोडं.

गुरुवारी ती फाटकं बनवणाऱ्या म्हाताऱ्या लोहारासमोर उभी राहिली. "यानं गोल वस्तूचा घेर मोजतात. कोणत्या वस्तूचा, तेवढं सांगा."

लोहाराने चष्मा कपाळावर चढवला. "बैलगाडीच्या लाकडी चाकाचा, पोरी. चाकावर फेरे मोजायचे, तेवढेच लोखंडी पट्टीवर मोजायचे आणि पट्टी जराशी आखूड कापायची. ती वाकवून जोडली की झाली चाकाची धाव."

"आखूड का?"

"तिथंच तर मेख आहे! तापवली की धाव फुगते, तशीच चढवायची. पाणी मारलं की आवळते. बरोबर मापाची केलीस, तर चार दिवसांत निसटेल."

शुक्रवारी भाऊ पोतं घेऊन आला, तेव्हा तिने त्याला पिंपाभोवती चकती फिरवून दाखवली आणि धावेचं सगळं सांगितलं.

"भारी आहे," तो म्हणाला. "बाबांना माहीत होतं?"

"होतं."

"मग ते होते तेव्हाच विचारायचं ना. एवढी पायपीट कशाला?"

तिने फिरती चकती तळव्याने थांबवली.

"मी त्यांना कधी काही विचारलंच नाही रे. मला वाटायचं, त्यांना काय माहीत असणार?"